पवनेच्या पुलाखालच्या पाकोळ्या

कंपनीत टाळेबंदी झाली त्या वर्षी मला घरात बसवेना. मी टर्नर माणूस. हाताला काम नाही म्हटल्यावर चिंचवडच्या दोन खोल्यांत नुसत्या येरझारा घालायचो. शेवटी बायकोने तिच्या भावाकडून त्याचा जुना कॅमेरा मागून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "बाहेर जा, काहीतरी टिपा. पण घरात असे फिरू नका."

मी नदीवर गेलो. पवनेच्या पुलाखाली पाकोळ्यांची घरटी होती. कमानीतून त्या अशा सुटायच्या की मान वळेपर्यंत पलीकडे. उडता उडताच पाण्याला चोच लावून प्यायच्या. तेवढंच मला फोटोत हवं होतं.

पहिलं रीळ धुऊन आलं, त्यात नुसतं आभाळ. स्टुडिओवाला म्हणाला, "राव, ढगांचे फोटो काढता काय?" दुसऱ्यात एका कोपऱ्यात शेपटी. डोळे मिटले तरी काळं काहीतरी सर्रकन जायचं. कंपनीचं गेट उघडेल की नाही ही धास्ती आणि ती पाकोळी, दोन्ही डोक्यात एकमेकांत गुंतलेलं.

एका सकाळी बायको भाकरी घेऊन नदीवर आली. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, बटण दाबताना तुम्ही थांबता. ती थांबते का?"

खरंच होतं. पाकोळीमागे कॅमेरा फिरवत न्यायचो आणि ऐन वेळी हात थांबवायचो. मग कितीतरी दिवस रीळ न घालताच कंबरेतून वळत राहिलो. लोक हसायचे.

नवं रीळ संपत आलं होतं, तेव्हा पुलावर सायकल थांबवून कंपनीतला सोबती ओरडला, "भावा, गेट उघडलं! चल!"

निघायलाच हवं होतं. तेवढ्यात एक पाकोळी कमानीतून खाली आली. मी वळलो, बटण दाबलं, वळतच राहिलो आणि तोल जाऊन चिखलात बसलो.

फोटो आला तेव्हा मी पुन्हा लेथवर होतो. मागचं पाणी रेघारेघांचं झालेलं, आणि त्यात पाकोळी लख्ख. चोच उघडी, पंख कोयत्यासारखे.

"किती तहानलीय हो," बायको म्हणाली.

वाटलं होतं, आता जीव शांत होईल. गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला चहाही न घेता मी नदी गाठली. पाकोळ्या तिथेच होत्या, आणि कॅमेऱ्यात मला पुन्हा एकही सापडत नव्हती.