कोणत्या नंबरचं काम हाय?

"कोणत्या नंबरचं काम हाय?"

ऑफिसात कोणीही शिरलं, की आमचे हेडक्लार्क मान वर न करता आधी हेच विचारायचे. मग शिरलेला माणूस पोस्टमन असो, चहावाला असो, नाहीतर त्यांचा सख्खा मेहुणा असो. विचारताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं टेबलावरच्या एका काळ्या डबीवर टेकलेली असायची. त्या डबीला जुन्या रेडिओला असायचा तसा एक फिरवायचा कान होता आणि कानाभोवती एक, दोन, तीन असे आकडे. उत्तर मिळेपर्यंत ती बोटं जागची हलायची नाहीत.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कोणाच्या हाती शिक्का लागतो, कोणाच्या हाती पाण्याच्या टाकीच्या व्हॉल्व्हची चावी, आणि तेवढ्यावर तो स्वतःला राजा समजू लागतो. आमच्या माणसाच्या हाती ही डबी लागली.

भोकरदन तालुक्यातलं आमचं कॉलेज अकरावी-बारावीपुरतं. मी तिथे ग्रंथपाल होतो. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं आणि कॉलेजला तीन कॉम्प्युटर मंजूर झाले होते. एक परीक्षेच्या कामाला, दुसरा प्रवेशाच्या, तिसरा ग्रंथालयाला. टेम्पोतून खोकी उतरली, नारळ फुटला, फोटो निघाला. पंधरा दिवसांत त्यातले दोन मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस जालन्याला रवाना झाले. संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलाने तिथे कॉम्प्युटर क्लास काढला होता. त्याच्याकडे जुने सीपीयू पडून होते, मॉनिटर कमी पडत होते. हे दोन मॉनिटर गोधडीत गुंडाळून जीपमध्ये ठेवले ते आमच्या हेडक्लार्कनी, स्वतःच्या हातांनी. बदल्यात त्या मुलाने ही डबी पाठवली. तिन्ही सीपीयूच्या वायरी तिला जोडायच्या आणि कान फिरवून पाहिजे तो कॉम्प्युटर मॉनिटरवर आणायचा. कीबोर्ड आणि माऊसही त्याच्याबरोबर फिरायचे.

दुसऱ्या कोणाला याची लाज वाटली असती. यांना अभिमान वाटला.

"तीन कॉम्प्युटर अन् मॉनिटर एक," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "बाहेरच्या देशात असंच चालतंय. आपल्या जिल्ह्यात आपलंच पहिलं हाय."

"बाकीचे दोन मॉनिटर कुठं आहेत, भाऊसाहेब?" असं मी मुद्दाम विचारायचो.

"दुरुस्तीला गेलेत."

तीन वर्षं ते दुरुस्तीला गेलेले होते. तपासणीची समिती आली तेव्हाही ते दुरुस्तीलाच होते. समितीपुढे भाऊसाहेबांनी कान असा काही फिरवला, की मंडळी मॉनिटरचा विषय विसरून डबीचीच चौकशी करत बसली. अध्यक्ष खूश झाले. भाऊसाहेब त्या दिवशी घरी जाताना रस्त्यावरच्या कुत्र्याकडेही हसून बघत होते.

वायरी जेमतेम दोन हात लांब, म्हणून माझ्या ग्रंथालयाचा कॉम्प्युटर त्यांच्या टेबलाखाली, त्यांच्या पायांशी राहायचा. ग्रंथालय माडीवर. पुस्तकाची नोंद करायची, तर पुस्तक काखेत मारून मी खाली यायचो आणि "तीन नंबर द्या" म्हणून विनवणी करायचो. कीबोर्ड मात्र ते कधी कोणाच्या हाती देत नसत. त्याला त्यांच्या बायकोने शिवलेलं झालरीचं आवरण होतं. ते हात धुऊन यायचे, आवरण काढायचे, घडी करून खिशात ठेवायचे.

"सांगा, मी मारतो," ते म्हणायचे आणि एका बोटाने मारायचे. एका पुस्तकाला दहा मिनिटं. लेखकाचं आडनाव ओळखीचं निघालं, तर तो माणूस जालन्यातल्या कोणत्या घरातला असावा यावर आणखी पाच.

खंडेनवमीचा किस्सा तर मी कैक लग्नांत सांगितला आहे. कॉम्प्युटरची पूजा होती. भाऊसाहेबांनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. मग कान दोनवर फिरवला, दोन नंबर पडद्यावर येईपर्यंत हात जोडून थांबले, पुन्हा फूल. मग तीन. प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाईंनी विचारलं, की तिन्ही डबे टेबलाखाली दिसतात, त्यांनाच एकदम का नाही वाहत फुलं. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, चेहरा दिसल्याशिवाय पूजा पोचत न्हाई." माझ्या हातातला प्रसादाचा पेढा हसता हसता खाली पडला. त्यांनी तो उचलला, फुंकला आणि मला परत दिला.

मी त्यांचा तिरस्कार करायचो, हे लपवण्यात अर्थ नाही. माणूस मूर्ख असला तर चालतं; पण मूर्खही आणि साहेबांचा हुजऱ्याही, हे मला सोसत नव्हतं. अध्यक्षांचा फोन आला, की ते उभं राहून बोलायचे. टेलिफोनला दिसतं का हो, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "आवाजात कळतंय, सर. बसलेल्या माणसाचा आवाज बसका येतो."

त्या वर्षी बारावीच्या फॉर्मांचा शेवटचा दिवस होता. यादी एक नंबरवर टाइप होत होती. त्याच यादीप्रमाणे फॉर्मांचा गठ्ठा बांधून औरंगाबादला बोर्डाच्या ऑफिसात जायचा होता. मी दोन पुस्तकं घेऊन खाली गेलो. भाऊसाहेब कुरकुरत म्हणाले, "जल्दी सांगा," आणि कान तीनवर फिरवला. पहिलं पुस्तक झालं. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. ते उठले, उभ्या उभ्या पाच मिनिटं "व्हय साहेब, व्हय साहेब" केलं, परत येऊन बसले आणि राहिलेला शेवटचा फॉर्म पुढे ओढून टाइप करू लागले. केदारखेड्याच्या एका मुलीचा फॉर्म.

कान तीनवरच होता. एक नंबर आणि तीन नंबर, दोन्हीकडे तसल्याच रेघांचे रकाने. मुलीचं नाव, आईचं नाव, विषय, सगळं माझ्या पुस्तकांच्या यादीत जाऊन बसत होतं. मी त्यांच्या मागे उभा होतो. मला दिसत होतं.

मी बोललो नाही. मला मजा वाटली. म्हटलं, मारू दे. नंतर सर्वांसमोर दाखवू, की भाऊसाहेबांनी एक मुलगी ग्रंथालयात जमा करून टाकली. टाइप करून झाल्यावर ते "तुमचं दुसरं पुस्तक उद्या," म्हणाले. मी पुस्तक घेऊन माडीवर गेलो. संध्याकाळी घरी पाहुणे आले आणि मी ती गंमत विसरून गेलो. यादीत नाव नाही म्हणून मुलीचा फॉर्म गठ्ठ्यात गेला नाही. तो टेबलाच्या खणात राहिला.

परीक्षेला आठवडा उरला तेव्हा हॉल तिकिटं आली. तिचं आलं नाही. ती आईला घेऊन ऑफिसात उभी राहिली.

"फॉर्म आलाच न्हाई," भाऊसाहेब म्हणाले.

"तुमच्याच हातात देला, सर. तुमी म्हणले फोटो वाकडा चिकटवलाय."

आई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, हिच्या बापानं बारावीपस्तोर मुदत देल्ती. पास झाली तर डी.एड.ला घालतो म्हणला. परीक्षा हुकली तर उन्हाळ्यात लगीन. पोरगा बघून ठेवलाय त्यानं. मी लई भांडून हिला हितवर आणलंय."

मला शोधायची गरज नव्हती. तिचं नाव कुठे आहे, ते मला माहीत होतं. तरी मी शोधण्याचं सोंग केलं. भाऊसाहेबांना तीन नंबर लावायला सांगितलं, पुस्तकांची यादी खाली सरकवायला लावली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. पाककलेचं एक पुस्तक, मग ती मुलगी, मग भूगोल. प्रवेशाच्या बाईंना हसू आवरेना. मीही हसलो. भाऊसाहेबांनी कान एकवर नेला, तीनवर आणला, परत एकवर नेला. असं चार-पाच वेळा केलं. मग त्यांनी खण उघडला. फॉर्म तिथेच होता.

अध्यक्षांनी फोनवर एका मिनिटात निकाल लावला. विद्यार्थिनीने फॉर्म उशिरा दिला, सहानुभूतीने विचार व्हावा, असं पत्र करा. पत्रावर त्यांची सही झाली. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब, ती मुलगी आणि तिची आई एसटीने औरंगाबादला निघाले. सोबत मलाही जावं लागलं, कारण नाव माझ्या यादीत सापडलं होतं. वाटभर भाऊसाहेबांनी तिकिटं घट्ट धरून ठेवली होती.

बोर्डाच्या अधिकारी बाईंनी पत्र वाचून खाली ठेवलं.

"फॉर्म उशिरा दिला असेल तर मला काही करता येत नाही. कॉलेजची चूक असेल तर करता येतं."

"मी वेळेत देल्ता," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

भाऊसाहेबांनी ग्रंथालयाच्या यादीचा छापून आणलेला कागद पुढे केला. बाई तो कागद बघून वैतागल्या. "मुलीचं नाव पुस्तकांत कसं जाईल? तीन कॉम्प्युटर मंजूर झालेत ना तुमच्या कॉलेजला? हे तुम्ही आता मागाहून घुसवलेलं दिसतंय."

भाऊसाहेबांनी डबी समजावून सांगायला सुरुवात केली. कान, एक, दोन, तीन. जिल्ह्यात पहिलं, इथपर्यंत आले आणि बाईंनी विचारलं, "पण मॉनिटर एकच का? बाकीचे दोन कुठं आहेत?"

मी मनात म्हटलं, दुरुस्तीला. हे उत्तर त्यांच्या तोंडून मी शंभर वेळा ऐकलं होतं. ते द्यायला त्यांना विचार करावा लागत नसे.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "जालन्याला हायत. अध्यक्षसाहेबाच्या पोराच्या क्लासात. मीच नेऊन देल्ते."

"लिहून द्याल?"

"देतो."

त्यांनी लिहून दिलं. खाली सही केली. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हीही तिथेच असता ना? हे खरं आहे का? टाइप करताना पाहिलंत तुम्ही?"

मी म्हणालो, "मी फक्त ग्रंथालय बघतो, मॅडम."

त्यांच्या एकट्याच्या सहीवर काम झालं. त्या दुपारीच मुलीला हॉल तिकीट मिळालं. आई भाऊसाहेबांच्या पाया पडायला वाकली, तर ते घाबरून दोन पावलं मागे सरकले.

भाऊसाहेबांनी लिहून दिल्याची गोष्ट अध्यक्षांपर्यंत पोचायला दोन दिवस लागले आणि दोन्ही मॉनिटर परत यायला एक. गोधडी तीच होती. चौकशी झाली. मॉनिटर दुरुस्तीला गेले होते, असं आम्ही सगळ्यांनी लिहून दिलं. प्रवेशाच्या बाईंनी, शिपायाने आणि मीही. माझं अक्षर चांगलं म्हणून मजकूर मीच तयार केला. ज्या वाक्यासाठी मी त्या माणसाला तीन वर्षं हसलो, ते वाक्य मी सुवाच्य अक्षरात चार प्रतींमध्ये लिहिलं. संस्थेची बदनामी केली म्हणून भाऊसाहेबांना काढून टाकलं.

जाणाऱ्या माणसाला प्रत्येक खात्याची सही घ्यावी लागते, की याच्याकडे काही बाकी नाही. ते शेवटी माझ्याकडे आले. माडीचा जिना त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चढला असावा. दारात चपला काढल्या. त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं, कधीच नव्हतं. मी सही केली. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "आता काय करणार?"

"मेहुण्याचं दुकान हाय टेंभुर्णीला. बसंन तिथं." मग त्यांनी विचारलं, "ती पोरगी बसली का पेपराला?"

"बसली. सगळे पेपर दिले."

"बरं झालं."

त्यांनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, माझी सही बघितली.

"त्या दिवशी तुमी माझ्या मागंच उभे होते, सर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मला कान फिरवल्याचं ध्यान राह्यलं न्हाई. पण मी म्हणलं, सर बघून राह्यलेत, म्हंजे बराबरच चालू असंल."

त्यांनी चपला घातल्या आणि कठड्याला धरून एकेक पायरी जिना उतरून गेले.