वास जाईपर्यंत फोन ठेवायचा नाही

ज्यांचं सामान जळून जातं, त्यांच्याकडे किस्से मात्र भराभर जमतात. ठेवायला जागा रिकामी असते ना! आमच्या गटाकडे तर इतके झालेत की कुठून सुरुवात करावी कळत नाही. चुकीचाच आधी सांगितला तर? पण असू दे.

गट म्हणजे वणव्यातून वाचलेल्यांचा. सोलापूरबाहेरच्या माळावर उन्हाळ्यात गवत पेटलं, वारा फिरला आणि आग वस्तीवर आली. गोठे, कडब्याच्या गंजी, घरं, सगळं गेलं. पत्नी गेल्यावर मी त्या माळाच्या कडेला दोन खोल्या बांधून पुस्तकं नेऊन ठेवली होती. त्याही गेल्या. आता मी शहरात, जुळे सोलापूर भागात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा असतो आणि रविवारी एसटीनं वस्तीवर जातो. वाचलेल्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही बसतो. रसायनशास्त्रात डॉक्टरेट आहे म्हणून सगळे मला ‘सर’ म्हणतात. तिथे तिचा दुसरा उपयोग झालेला नाही.

*

पहिल्या बैठकीला शहरातून एक समुपदेशक मॅडम आल्या होत्या. त्यांनी आम्हाला गोल बसवलं. “एकमेकांच्या डोळ्यांत बघा आणि मनातलं शेअर करा.”

मी चष्मा पुसत बसलो. मला वाटलं, सर म्हणून मीच सुरुवात करायची असणार.

शेवटी वस्तीतले म्हातारे नागनाथअण्णा म्हणाले, “बाई, आमी जल्मल्यापास्नं एकमेकांकडंच बगतोय. आता नवं काय दिसनार?”

*

मग मदत आली. एका दात्यानं अख्खं खोकं भरून पाठवलं होतं. उघडलं तर आत मेणबत्त्या, उदबत्त्या आणि काडेपेट्या!

कुणाला हसावं की रडावं कळेना. अण्णांनी एक काडेपेटी कानाशी हलवून बघितली. “मानूस इचारी हाय. काय पेटवायचं ऱ्हायलंय का, बगून मग धाडलंय.”

*

दस्तगीरभाई टेम्पो चालवतात. एका लग्नात आचाऱ्याची भांडी घेऊन गेले होते. मांडवामागं भट्टी पेटली, धुराचा वास आला आणि भाईंनी टेम्पो जो सुरू केला तो थेट तळ्यावर नेऊन थांबवला. पाणी दिसल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

मागून आवाज आला, “भाई!” झारा काढायला चढलेला आचारी आतच होता! “आग कुटं हाय ते ऱ्हाऊ द्या. मी बुंदी कुटं पाडू ते सांगा!”

भाई स्वतःच हे हसत हसत सांगत होते. सांगता सांगता मध्येच उठून व्हरांड्याबाहेर हुंगून मात्र आले. कारण वास आम्हा सगळ्यांनाच येत होता, नसलेला. त्याच दिवशी नियम ठरला. प्रत्येकाला एक जोडीदार. वास आला की पळायच्या आधी त्याला फोन करायचा आणि विचारायचं, “तुमाला येतोय का?” त्यानं खरं सांगायचं. आणि वास जाईपर्यंत फोन ठेवायचा नाही.

मी शंका काढली, “पण मी वीसेक किलोमीटरवर असतो. इथला वास मला तिथे कसा येणार?”

अण्णा म्हणाले, “सर, नाक हाय न्हवं तुमाला? मग झालं की!”

*

जोड्या पटापट झाल्या. मला कोणी घेतलं नाही. शेवटी मी उरलो आणि पारूबाई उरल्या. शेरडं राखणाऱ्या, वस्तीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या.

“सर, मी तुमच्यासंगं काय बोलू?” त्यांनी विचारलं. माझ्याही मनात तेच होतं.

दुसऱ्याच संध्याकाळी फोन आला. “सर, वास येतोय का?”

मी गॅस तपासला. बाल्कनीत गेलो, चारी दिशांना हुंगलं. शेजाऱ्यांना विचारलं. मग म्हणालो, “बहुतेक नाही.”

फोन कट!

रविवारी पारूबाईंनी सगळ्यांसमोर झापलं. “सर, व्हय म्हना न्हायतर न्हाय म्हना. तुमच्या ‘बहुतेक’पायी मी दावी सोडली, आन् माजी समदी शेरडं डांबरीवर जाऊन बसली!”

त्यानंतर मी हुंगण्याआधीच ‘नाही’ म्हणायला शिकलो.

*

फोन रोज संध्याकाळी यायला लागला. वास जाईपर्यंत बोलायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागायचं. कुठली शेळी लंगडते, मी भाजी काय केली, मीठ जास्त पडलं का.

“पानी घाला की थोडं.”

“घातलं. आता पाणीच जास्त झालंय.”

“मग पिऊन टाका, सर!”

कधी कधी वास जायला तासभर लागायचा. माझी तक्रार नव्हती.

मग पारूबाईंच्या डोक्यावर नवा पत्रा आला. एका रविवारी त्यांनी उठून सांगितलं, “आता वास येत न्हाय मला.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीच सगळ्यात जोरात वाजवल्या.

त्या संध्याकाळपासून फोन थांबला. तो थांबावा म्हणून तर सगळा खटाटोप होता. तरी जेवताना मी फोन ताटाशेजारी ठेवायचो. एकदा आमटीत पडला.

*

परवा संध्याकाळी मीच लावला.

“पारूबाई, वास येतोय,” मी म्हणालो. वास नव्हता.

पलीकडे त्यांच्या पत्र्यावर पाऊस धाडधाड वाजत होता. इकडे माझी बाल्कनी पाण्यानं भरली होती. असल्या पावसात माळ पेटत नाही, हे कळायला डॉक्टरेट लागत नाही. आता त्या ‘न्हाय’ म्हणणार आणि ठेवणार. मी वाट बघत राहिलो.

“थांबा, बगते,” त्या म्हणाल्या. दाराची कडी वाजली. पावसाचा आवाज एकदम मोठा झाला, मग पुन्हा बारीक झाला.

“येतोय की, सर,” त्या म्हणाल्या. “मला बी येतोय. लई येतोय. ठिवू नका फोन.”