किमोनोच्या खांद्यावरचं पान

रोह्याहून ताईचा फोन आला की समजायचं, माझ्या गळ्यात काहीतरी मारलंय. या खेपेला तिच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या जपानी बाईंचा किमोनो होता. त्यांचा नवरा तिथल्या एका कंपनीत. आजीचा हा रेशमी किमोनो त्यांनी कपाटात जपला होता. दमट हवेने खांद्यावर डाग पडला, नक्षीतलं सोनं उडालं. पुढच्या महिन्यात मायदेशी जायचं, आईला काय तोंड दाखवू म्हणून त्या रडत होत्या. ताईने परस्पर शब्द देऊन टाकला, की माझी बहीण पेणला गणपती रंगवते, सोनेरी हात मारला की कुणाच्या बापाला कळायचं नाय.

चिडतच मी ब्रश घेऊन गाडीत बसले. रोह्याआधीचं निडी स्टेशन येईस्तोवर ताईला मनात शिव्या घातल्या.

किमोनो पसरला आणि राग कुठल्या कुठे पळाला. निळ्या रेशमावर रंगवलेली पानं, प्रत्येकाच्या कडेने बारीक पांढरी रेघ. बाईंनी मोडक्या मराठीत समजावलं: तांदळाच्या खळीने, मेंदीच्या असतो तसल्या कोनातून रेघ ओढायची, मग रंग भरायचे, शेवटी खळ धुवायची. रेघेखालचं रेशीम कोरंच राहतं. अरे देवा, मूर्तीचे दागिने मीही कोनानेच काढते, पण बिघडलं तर खरवडता येतं. इथे रंग चढला तो चढला. सोनंसुद्धा रंगाचं नव्हतं, वर्ख चिकटवलेला. मी सोनेरी रंगाची डबी उघडलीच नाही.

"बाप्पाला चढवतेस, मग याला का नाय गो?" ताई फुरंगटली.

"बाप्पाचं सोनं दीड दिवस टिकलं तरी पुरतं. याला हात लावायची माझी छाती नाय."

बाईंचा चेहरा पडला, मला फार वाईट वाटलं. डाग किती खोल गेलाय बघायला मी खांदा खिडकीशी धरला. डागाशेजारचं एक पान रंगवलेलं नव्हतं, नुसतं दोऱ्याने भरलेलं, आणि टाके वाकडेतिकडे. अस्तर उसवलं होतं तिथून आत पाहिलं, तर टाक्यांमागे जुना पिवळा डाग. बाईंनाही तो ठाऊक नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे आईला व्हिडिओ कॉल लावला, रडत रडत आपला डाग दाखवला, मग ते पान.

त्यांच्या म्हाताऱ्या आईने ते पान निरखून बघितलं. मग तोंडावर हात ठेवून हसत सुटली, बोलत राहिली. ऐकता ऐकता बाई खाली बसल्या.

"जुना डाग माझा," त्या आम्हाला म्हणाल्या. "मी बाळ होते, दूध ओकले. आई घाबरली, आजीला कधीच नाही सांगितलं. आता म्हणते, तुझं पान माझ्या पानाशेजारी भर."