पोह्यांच्या गिरणीतली सामाईक खाच

तारीख ३ ऑक्टोबर १९९७. काम: गडबच्या पोह्यांच्या गिरणीत दोन मदरबोर्ड नेऊन दाखवणे आणि एक पसंत करून घेणे.

पेणला रामवाडीत माझं दुकान होतं. तयार कॉम्प्युटर महाग पडायचा, म्हणून आम्ही सुटे भाग आणून जोडून द्यायचो. मदरबोर्ड म्हणजे त्यातली मुख्य पाटी. प्रोसेसर, मेमरी, सगळं तिच्यावर बसतं. पितृपक्षात खरेदी नको म्हणून काम अडलं होतं, आणि आता गिरणीच्या दिवाळीच्या ऑर्डरींची बिलं तोंडावर आली होती.

गिरणी दोन भावांची. थोरले नामदेवभाऊ, धाकटा जनार्दन. मी टेबलावर बोर्ड मांडले.

"हा पहिला. यात पुढे मेमरी भरपूर वाढवता येते. दुसरा थोडा वेगवान आहे, पण—"

"मॅडम, खाचा किती?" जनार्दननं मधेच विचारलं.

खाचा म्हणजे स्लॉट. जादा कार्डं त्यांत उभी खोचतात. पांढऱ्या खाचा नव्या पद्धतीच्या, काळ्या जुन्या. रोह्याच्या मेव्हण्यानं त्याला बजावलं होतं, खाचा मोजून घे.

"पहिल्यात तीन पांढऱ्या, तीन काळ्या. दुसऱ्यात चार पांढऱ्या, तीन काळ्या."

"मंग दुसराच घेऊ. एक जास्ती हाय."

"ती जास्तीची कोनाची?" नामदेवभाऊ म्हणाले.

मी हसले. माझ्याखेरीज कोणी हसलं नाही. कॉम्प्युटर दोघांचा, म्हणून खाचा निम्म्या-निम्म्या, असं त्यांचं ठरलेलंच होतं.

"पण तुम्ही त्यांत घालणार काय?"

"आज काय नाय. पोरं मोठी झाल्यावर लागतील ना," नामदेवभाऊ म्हणाले. "असं करू. पांढऱ्या माझ्या, काळ्या जनाच्या."

"नव्या तुला आन् जुन्या मला, व्हय रं दादा?"

इथे मी नको तेवढं खरं बोलले. दोन्ही बोर्डांवर एक पांढरी आणि एक काळी खाच अगदी खेटून असते. दोघींना मागच्या बाजूला उघडायला जागा एकच. त्यामुळे एका वेळी दोघींतल्या एकीतच कार्ड बसतं.

"म्हणजे ती सामाईक," मी म्हटलं.

हा शब्द ऐकून दोघंही ताठ बसले.

"यानं त्याच्यात कार्ड घातलं तर माझी बंद?" नामदेवभाऊंनी विचारलं.

"हो."

"दादा आदीच घालून ठेवील!" जनार्दन ओरडला. "अंगणात बैलगाडी लावून ठेवली तशी!"

"मंग नको तो कॉम्प्युटर. गिरनीच वाटून टाकू. भट्टी तुला, मशीन मला."

भट्टीवर भात भाजल्याशिवाय मशीन पोहे काढत नाही. म्हणजे दिवाळीच्या ऑर्डरी गेल्या, आणि माझीही गेली. आतून त्यांच्या आईचा आवाज आला. "गो बाय, यांचा बाप गेला तवा वाटनी नाय झाली, नि तू ही फळी आनून करतेस?"

मी घाईघाईनं पिशवीतून डिस्प्ले कार्ड काढलं. पडद्यावर चित्र आणतं ते. हे कार्ड पांढऱ्या खाचेत बसवावंच लागणार होतं.

"पडदा कोणाचा?" मी विचारलं.

जनार्दन म्हणाला, "दोगांचा. बिलं दोगांना दिसाया नकोत?"

"मग हे कार्ड त्या सामाईक जोडीतल्या पांढऱ्या खाचेत बसवू. शेजारची काळी बंद पडेल, पण दोघांचीही पडेल. पहिल्या बोर्डात मग दोन पांढऱ्या उरतात, दोन काळ्या. एकेकाला एकेक. दुसऱ्यात पांढऱ्या तीन उरतात."

दोघांनी बोटांवर मोजलं. एकमेकांचा हिशेब न बघता.

"पयला," दोघं एकदमच म्हणाले.

पहिलाच बोर्ड मला द्यायचा होता. मेमरीबद्दल शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही. तिथेच बसून मी कॉम्प्युटर जोडला. बॉक्स बंद करण्याआधी चार खाचांवर चिकटपट्टी लावून 'ना' आणि 'ज' लिहावं लागलं. आईनं चहा दिला, पण माझ्याशी बोलली नाही.

स्पेसिफिकेशनच्या तक्त्यातली कुठली ओळ गिऱ्हाईक वाचेल, हे आधी कळत नाही. आपल्याला सगळ्या ओळी पाठ हव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेला बोर्ड परत करायला मुंबईला गेले. व्यापाऱ्यानं तो उलटसुलट करून पाहिला.

"चांगला वेगवान माल आहे, मॅडम. यात खोट काय निघाली?"

"काही नाही," मी म्हटलं. "दोनानं भाग जात नाही."