सुभद्राबाईंच्या विहिरीचे पाणी

११ मे १९५७, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. वर्धा स्थानकावर मी उतरले तेव्हा एका हातात कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात काचनळ्या आणि रसायने ठेवलेली लाकडी पेटी. देवळीकडच्या विहिरींचे पाणी तपासायचे होते. मुक्काम मात्र शहरातच सोयीचा.

पहिल्या दोन हॉटेलांनी एकट्या बाईला खोली देण्याचे नाकारले. तिसरे सुभद्राबाईंचे. त्यांनी सोबत कोण, हे न विचारता कुलूप काढले. दीड रुपयात धुतलेली चादर, आंघोळीला माठातल्यासारखे गार पाणी आणि दोन वेळचे जेवण. तुरीचे वरण इतके एकजीव, की सारे श्रेय परसातल्या विहिरीला दिले जाई.

आदल्या वर्षी बाईंनी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला होता. त्यांच्या घरचे पाणी एके काळी गावात कुणी घेत नसे. "टेसनावरचा भुकेला माणूस जात नाई इचारत," त्या म्हणाल्या. "त्याइले पाहून मंग गावातले बी येऊ लागले." त्यांतलेच एक कापसाच्या अडत्याचे दिवाणजी, ते वरण दोनदा मागून घेत.

संध्याकाळी सवयीने मी याही विहिरीचे पाणी नळीत घेऊन त्यात रसायनाचे थेंब टाकले.

"काऊन (का) बाई, विहिरीले औषध पाजून राह्यल्या का?" दिवाणजींनी विचारले आणि पंगत हसली.

थोड्याच वेळात पाणी गुलाबी झाले. हा रंग नायट्राइटचा. जवळपासची घाण पाण्यात झिरपत असल्याची खूण. मागच्या भिंतीपलीकडे संडासाचा खड्डा होता. सकाळी ताज्या पाण्याने पुन्हा पाहिले. रंग अधिकच गडद आला.

मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितले: पाणी उकळावे, खड्डा हलवावा, विहीर उपसावी. भाकरी उलटवत बाईंनी सगळे ऐकून घेतले.

"ते करू. पण खाणाऱ्याइले सांगा लागंल."

"सांगायलाच हवे," मी म्हणाले.

"तुमच्या नळीत पाण्याचा दोष दिसते, पोरी. लोकाइले माह्या हाताचा दिसंल."

तरीही दुपारच्या पंगतीत त्यांनी स्वतः उभे राहून सांगितले. दिवाणजींनी पेला खाली ठेवला. "मले पयलेच वाटलं होतं," एवढेच म्हणून ते रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात गेले. त्यांच्यामागून आणखी काही उठले. समोरचे पाणी कधी कुणी तपासलेले नव्हते.

पुढच्या मे महिन्यात नाचणगावला जाताना मी मुद्दाम वर्ध्याला उतरले. खड्डा दूर गेला होता, विहिरीचा गाळ निघाला होता, नवा कठडाही बांधला होता. खोली, चादर, वरण, सारे पूर्वीसारखेच. बाकांवर मात्र गाडीची वाट पाहणारे परके प्रवासी तेवढे होते. दिवाणजी समोर जेवत होते.

मी पेटी उघडण्यापूर्वीच बाईंनी पेला पुढे केला. मी तो रिकामा केला, मग नळी भरून थेंब टाकले. आम्ही दोघी तिच्याकडे पाहत राहिलो. पाणी पाण्यासारखेच राहिले.

"दिवाणजींना सांगून येऊ?" मी विचारले.

"सांगजो," बाई पेला विसळत म्हणाल्या. "पण त्याले पाण्याचं कुठं काय पडलं होतं?"

मी रस्ता ओलांडून सांगितलेही. दिवाणजींनी मान डोलावली आणि वरण मागून घेतले. पुढच्या गाडीत, माझ्या शास्त्राचा हात किती तोकडा आहे याची खंत करीत मी त्या दिवसाची नोंद पूर्ण केली: सुभद्राबाईंची विहीर, वर्धा. नायट्राइट, शून्य.