ट्रॅक्टरमागची साखळी

मिनेसोटातल्या त्या शेतावरून उच्च दाबाच्या तारा गेल्या, तेव्हापासून ट्रॅक्टरला हात लावला की झटका बसायचा. मग ऑरव्हिलने त्याच्या मागे जमिनीला टेकेल अशी लोखंडी साखळी बांधली. ट्रॅक्टरच्या अंगातली वीज तिच्यातून मातीत उतरायची. संध्याकाळी घराच्या वाटेवरल्या खडीवर ती खळखळली, की त्याची बायको आर्डिस कॉफी चढवायची. तो दारात येईतो उकळी फुटलेली असायची.

पुढे वीज कंपनीने तारा टेकडीपलीकडे हलवल्या. ऑरव्हिलने खुशीत साखळी सोडली आणि संध्याकाळी थेट स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"भुतासारखा काय येतोस रे? आता कॉफी कुठून आणू?" आर्डिस कडाडली.

दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने साखळी परत बांधली.

काही वर्षांनी ऑरव्हिल वारला. आता पुतण्या लाइल शेत बघतो.

"काकू, तारा कधीच्या गेल्या. हे लोढणं काढून टाकू?"

"हात तर लावून बघ!"

लाइलने नाद सोडला. त्या संध्याकाळी खडीवर साखळी खळखळली, तशी आर्डिस गुडघे सावरत उठली. लाइल कॉफी पीत नाही, हे तिला उकळी फुटल्यावर आठवलं.