जन्माच्या वजनाची बाहुली

आमच्या सासूबाईंना सगळी गल्ली तराजूमावशी म्हणते. उभा जन्म त्यांनी एका प्रसूतिगृहात काढला, आणि तिथे त्यांचं काम ठरलेलं होतं: आलेलं मूल पुसायचं, गुंडाळायचं आणि काट्यावर ठेवायचं. डॉक्टर बदलले, भिंतींचे रंग बदलले, सासूबाई आणि त्यांचा काटा जागचे हलले नाहीत. त्या निवृत्त झाल्या तेव्हा प्रसूतिगृहाने नवा काटा घेतला आणि जुना त्यांना देऊन टाकला. लोकांना निरोपाला घड्याळ मिळतं. आम्हाला पाळण्यासारख्या ताटलीचा, रंग उडालेला काटा मिळाला आणि तो पुढच्या खोलीत खिडकीखाली ठाण मांडून बसला.

मला वाटलं, आता जरा स्वस्थ बसतील. कसलं काय! सुट्टी लागली की मुलांचं करायचं काय, हा प्रश्न घरोघरी असतो, आणि सासूबाईंनी तो आमच्या घरात आणून सोडवायला घेतला. दुपारी आई-बाप आपापली पिल्लं घेऊन यायचे आणि सतरंजीवर फतकल मारून बसायचे. मोज्यांचे ससे, जुन्या बटणांच्या फोटोचौकटी, आजोबांच्या गोळ्यांसाठी काड्यापेट्यांचे कप्पे, असं काय काय तिथे व्हायचं. सुट्टीत एकमेकांना विकतचं काही द्यायचं नाही, हाताने केलेलंच द्यायचं, असा त्यांचा दंडक होता. चमकीला मात्र बंदी. एका पोराने एकदा चमकीची डबी उपडी केली, तर पुढे कित्येक दिवस आमच्या जेवणात ती चमचमत होती. मी तेव्हा जे बोलले ते सासूबाईंच्या चांगलंच लक्षात राहिलं.

पण लोक यायचे ते बाहुलीसाठी. मुलाचे तोकडे झालेले कपडे आणायचे, त्यांचीच बाहुली शिवायची, आणि जन्मताना मूल जेवढं भरलं होतं तेवढंच तिचं वजन करायचं. पोटात धुऊन वाळवलेल्या वाळूची पिशवी, बाकी चिंध्या. हातापायांत चिंध्या ठासायचं काम मुलांचं. आईच्या वाढदिवसाला मुलाने ही बाहुली तिच्या हातात ठेवायची आणि म्हणायचं, मी एवढा होतो. भले भले बाप त्या वेळी नाक पुसताना मी पाहिले आहेत.

खरं सांगायचं तर मला त्या बाहुल्या आवडायच्या नाहीत. सासूबाई त्यांना चेहरा करत नसत. चेहरा ज्याचा त्याने घरी काढायचा. त्यामुळे आमच्या दिवाणावर बिनचेहऱ्यांची रांग पडलेली असायची, प्रत्येकाचं अंग खऱ्या बाळासारखं मध्ये खोल रुतलेलं. आलेला माणूस आपोआप हळू बोलायला लागायचा. माझा नवरा, एवढा आडदांड गडी, पण त्या खोलीतून जाताना भिंतीकडे बघत जायचा. आणि पाठीची शिवण घालण्याआधी सासूबाई जे करायच्या ते तर मला बघवत नसे. बाहुली डाव्या कोपरात घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि खोलीभर फिरायच्या. कधी म्हणायच्या, "हे अजून कुणाचं झालं नाही," आणि वाळू काढून पुन्हा भरायच्या. जमलं की त्यांचा उजवा हात आपसूक थोपटायला लागायचा. मग शिवायच्या.

त्यांचा एक नियम होता. घरात धावतंय, भांडतंय, त्याचीच बाहुली करायची. जे नाही त्याची नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. प्रसूतिगृहात काट्यावर ठेवलेली सगळीच मुलं घरी जात नाहीत, एवढं मलाही कळत होतं.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

बाई तरुण होती, नीटनेटकी. बरोबर सात वर्षांची मुलगी, गोबऱ्या गालांची, आल्या आल्या कात्री मागणारी. बाईने पिशवीतून निळं झबलं काढलं. घडी अजून कडक होती. ते एकदाही धुतलेलं नव्हतं. सासूबाईंनी कापड बोटांत चोळलं आणि वजन विचारलं. बाकीचे लोक घरी फोन करतात, कागद शोधतात. हिने एका दमात सांगितलं. "कुणाचं?" असं सासूबाईंनी विचारलंच नाही. त्या बाईच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. बाई बसली, उठली, पाणी प्यायली, पण तो हात कोपरात वाकलेला तो वाकलेलाच होता. प्रसूतिगृहातून रिकाम्या हाताने घरी जाणाऱ्या बायका अशाच जातात, असं सासूबाई मला नंतर म्हणाल्या. त्यांनी बाहुली शिवली. मुलीने जीभ बाहेर काढून काढून पायांत चिंध्या भरल्या. भावाचे पाय, म्हणाली ती.

महिन्याभराने बाई परत आली. इतकी खुशीत होती की मी ओळखलंच नाही. बाहुलीला आता चेहरा होता, मिटल्या डोळ्यांचा, अंगात नवा स्वेटर. "बघा ना मावशी, कसा भरलाय," म्हणत तिने ती सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी सवयीने कोपर वाकवलं, हात थोपटायला वर आला आणि तसाच थांबला. त्यांनी बाहुली काट्यावर ठेवली. काटा बाळाच्या जन्माच्या वजनाच्या बराच पुढे गेला.

मी म्हटलं, दमट हवा आहे, वाळूने ओल धरली असेल. माझ्या डोक्यात आधी असलं सरळ काहीतरी येतं. बाई माझ्याकडे बघून हसली, जशी एखादी आई बिनमुलांच्या बाईकडे बघून हसते. मला दोन मुलं आहेत, तरी मला ते हसणं लागलं. मुलगी दाराची चौकट धरून उभी होती. या वेळी तिने कात्री मागितली नाही. फ्रॉकचा पट्टा आवळून बांधलेला होता आणि तरी फ्रॉक तिच्या अंगावर झोळीसारखा लोंबत होता. खात नाही का ही, असं सासूबाईंनी विचारलं. नखरे वाढलेत हल्ली, बाई म्हणाली, आणि बाहुलीचा स्वेटर सारखा करू लागली.

त्या मायलेकी गेल्यावर सासूबाई काट्यापाशी उभ्या राहिल्या. "अगं, वाळू वाढत नाही," त्या म्हणाल्या. मला वाटलं मला सांगतायत, पण त्या स्वतःलाच सांगत होत्या. मग त्यांनी त्या बाईचं घर शोधायला माझ्या नवऱ्याला पिटाळलं. दार कुणी उघडलं नाही. आत कुणीतरी अंगाई म्हणत होतं, असं तो म्हणाला, आणि दोन आवाज होते, एक मोठा, एक लहान. त्या दिवसापासून सासूबाईंच्या तोंडाची चव गेली. पोरीचा जीव जाईल माझ्या हातच्या कामापायी, एवढं एकच त्या घोकत असायच्या. मी त्यांना समजावायची आणि मनातून माझंही धाबं दणाणलेलं असायचं.

आणि मग सुट्टी संपत आली तेव्हा ती आपण होऊन आली.

भर दुपार होती, रस्त्यावर पोरं ओरडत होती, आणि तरी तिला दारात बघून माझ्या अंगावर सरसरून काटा आला. बाहुली दोन्ही हातांनी पोटाशी धरावी लागत होती. शिवणी ताणून पांढऱ्या पडलेल्या. कसलासा आंबूस वास खोलीभर पसरला. मागून मुलगी आली. भिंतीला हात लावत लावत आली. तिचे डोळे तेवढे उरले होते.

बाईचं काम साधं होतं. हे अंग त्याला आता लहान होतं, मोठं शिवून हवं. सासूबाई म्हणाल्या, ठेवून जा, बघते. बाई ठेवायला तयार होईना. "तो माझ्याशिवाय राहत नाही," असं ती अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली.

"मग तुझ्यासमोरच उघडते," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी बाहुली सतरंजीवर पालथी घातली. पाठीवर त्यांचा टाका राहिलाच नव्हता. काळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे, लांबलांब टाके होते, लहान मुलाने घालावेत तसे. आणि त्यांच्यावरून, तेच टाके झाकत, बारीक, सुबक, एकसारखी शिवण गेलेली होती. सासूबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि बाईकडे पाहिलं. मला समजायला थोडा वेळ लागला. वरची शिवण मोठ्या माणसाच्या हाताची होती.

कात्री लागताच पाठ आपली आपण उकलली. आत पिशवी फाटून वाळू पसरली होती. वाळूत पावाचे तुकडे होते, काही कडक, काही हिरवे पडलेले. भाताची वाळलेली ढेकळं, बिस्किटं, सफरचंदाच्या काळ्या फोडी, उकडलेलं अर्धं अंडं. गोट्या, पाटीवर लिहायची पेन्सिल, आणि खालच्या दोन दुधाच्या दातांची पुडी. एका मुलीचं सगळं जेवण तिथे होतं.

मुलगी पुढे झाली आणि घाईघाईने सगळं परत आत ढकलायला लागली. सासूबाईंनी तिचे हात धरले. कशाला भरलंस, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. मुलीला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली की खाल्लं नाही तर बाळ वाढत नाही, आणि तो वाढला की आई हसते.

सासूबाई बाईकडे वळल्या. "आणि तू हे रोज वरून शिवत होतीस."

"ती भरवते," बाई म्हणाली. "मी फक्त शिवते."

तिच्या आवाजात लाज नव्हती, भीती नव्हती. काम वाटून घेतलंय असं सांगावं तसं तिने सांगितलं. मला तिचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. सासूबाई मला डोळ्यांनी गप्प करून म्हणाल्या, "बरं. आता हिला उचल."

बाईला वाटलं, बाहुलीच. सासूबाईंनी मुलीला तिच्यासमोर उभं केलं. बाई थोडी वैतागली, वाकली, आणि इतके दिवस ज्या जोराने ती बाहुली उचलत होती त्याच जोराने तिने मुलीला उचललं. भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसे तिचे हात खाड्‌कन वर गेले. मुलगी हवेत उसळली. बाईचा तोल गेला आणि ती पोरीला घेऊन मागे दिवाणावर आदळली. तिचं तोंड उघडं राहिलं. तिने मुलीला मांडीवर जरा खाली सोडलं, पुन्हा उचललं. पुन्हा सोडलं, पुन्हा उचललं. कुठेतरी चूक होतेय, आणखी एकदा करून बघावं, असं चाललं होतं तिचं.

सासूबाईंनी मला दूध-पाव आणायला पिटाळलं. मी धावत आणलं, निम्मं दूध वाटेत सांडलं. मुलगी आईच्या मांडीवरच होती. तिने पाव हातात घेतला, मधोमध मोडला, एक तुकडा तोंडाजवळ नेला आणि दुसरा, न बघता, सवयीने, फ्रॉकच्या खिशात टाकला.

बाईने तिच्या खिशात हात घातला आणि तो तुकडा बाहेर काढला. पुढ्यात बाहुली पाठ उघडून पडलेली होती. चिमटीत पाव धरलेला तो हात हवेत राहिला. तो आधी खाली गेला, बाहुलीच्या दिशेने, अगदी थोडा. मी सासूबाईंचं मनगट घट्ट धरलं होतं, की त्यांनी माझं, कुणास ठाऊक. मुलीने खालमानेने आईच्या हाताकडे बघितलं आणि स्वतःच्या हातातला तुकडाही तिच्यापुढे केला.

बाईने तो घेतला. दोन्ही तुकडे दुधात बुडवले. मग मुलीची हनुवटी वर केली आणि म्हणाली, "आ कर."

मुलीने विचारलं, "मी?"